आधी प्रत, मग पोस्टर: मुंबईत जुन्या सिनेमांचे खेळ कसे भरवावेत

चार सिनेमावेडे एकत्र आले की पहिल्याच बैठकीत यादी निघते. ‘सामना’ लावू, ‘सिंहासन’ लावू, मग कुरोसावाचा एखादा जपानी सिनेमा, डिसेंबरात ‘अशी ही बनवाबनवी’. तासाभरात वर्षाचं वेळापत्रक होतं आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरतं. खेळाला आठवडा उरला की कुणीतरी विचारतं, ‘फिल्म कुणाकडे आहे?’ मग यूट्यूबवरची प्रत पुढे येते. तिच्या कोपऱ्यात चॅनेलचा शिक्का असतो, दोन गाणी गाळलेली असतात आणि चित्र आडवं ताणलेलं असतं.

हा क्रम उलटा करायला हवा. आधी प्रत शोधायची, मग हक्क पाहायचे, मग जागा आणि तारीख. पोस्टर सगळ्यात शेवटी. सोसायटीच्या हॉलमध्ये, वाचनालयात किंवा शाळेच्या सभागृहात महिन्यातून एक जुना सिनेमा नीट दाखवू पाहणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितो आहे.

आधी दुसऱ्यांच्या खेळांना जा

या शहरात हे काम कुणी केलंच नाही असं समजून सुरुवात करू नका. ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलचित्रं दाखवली गेली. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून फिल्म सोसायटी चालवत आलं आहे. पेडर रोडवर भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. शिवेंद्रसिंग डुंगरपूर यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०२२ मध्ये अमिताभ बच्चन आणि दिलीपकुमार यांचे, तर २०२३ मध्ये देव आनंद यांचे जुने चित्रपट थेट मल्टिप्लेक्समध्ये लावले. मॅक्स म्युलर भवन (जर्मन) आणि आलियान्स फ्रान्सेज (फ्रेंच) या परदेशी सांस्कृतिक केंद्रांच्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवा.

दोन-तीन महिने या ठिकाणी नुसते प्रेक्षक म्हणून जा. सिनेमा बघाच, पण आयोजकांकडेही बघा. दार कधी उघडतात, उशिरा आलेल्याला कुठून आत घेतात, प्रास्ताविक किती लांबतं, चर्चेत माइक कुणाच्या हातात अडकतो, सगळं टिपून ठेवा. शक्य तिथे सभासद व्हा. पुढे एखाद्या चित्रपटाच्या हक्काचा पत्ता लागत नाही तेव्हा याच ओळखी कामाला येतात.

प्रत: मिळवणं आणि तपासणं

कुठल्या चित्रपटाची चांगली प्रत कायदेशीर मार्गाने मिळू शकते, याची यादी आधी बनवा आणि तिच्यातून निवडा. मराठी जुन्या चित्रपटांचे बरेच हक्क शेमारू, अल्ट्रा, एव्हरेस्ट यांसारख्या कंपन्यांकडे गेले आहेत, काही अजून निर्मात्यांच्या घरी आहेत. एनएफडीसीने (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) स्वतः काढलेले चित्रपट, उदाहरणार्थ ‘जाने भी दो यारो’ (१९८३), थेट एनएफडीसीकडे. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन, बालचित्रपट समिती आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) हे सगळं एनएफडीसीच्या छत्राखाली आलं. त्यामुळे जुने माहितीपट, मुलांचे चित्रपट आणि संग्रहालयातल्या प्रती यांच्यासाठी विचारपूस एकाच ठिकाणी सुरू करता येते. उत्तर लगेच येईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. सरकारी पत्राला जितका वेळ लागतो तितका लागणारच, म्हणून तीन महिने आधी लिहा.

प्रत हाती आली की ती पूर्ण आहे का हे तपासायचं. यासाठी एक सोपी युक्ती आहे, आणि ती फारसं कुणी वापरत नाही. चित्रपटाच्या आरंभी सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. तिथे चित्र थांबवा. जुन्या प्रमाणपत्रांवर रिळांची संख्या आणि लांबी दिलेली असते, मीटरमध्ये, त्याआधीच्या काळात फुटांत. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम) चालते तेव्हा मिनिटाला ९० फूट, म्हणजे साधारण २७.४ मीटर फिल्म सरकते. म्हणून फुटांना ९० ने किंवा मीटरना २७.४ ने भागलं की मिनिटं मिळतात. ४,००० मीटर म्हणजे सुमारे १४६ मिनिटं. तुमच्या फाइलची लांबी १२५ मिनिटं दिसली तर वीस मिनिटं कुठे तरी गळली आहेत. बहुधा गाणी, नाहीतर टीव्हीच्या वेळापत्रकासाठी कापलेली उपकथा.

इथे एक अपवाद आहे. पॅल या टीव्ही पद्धतीच्या काही डीव्हीडींत सेकंदाला २५ चौकटी जातात, त्यामुळे तोच १४६ मिनिटांचा चित्रपट काहीही न कापता १४० मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. सहा मिनिटांच्या फरकाला घाबरू नका, वीस मिनिटांच्या फरकाला घाबरा.

दुसरी तपासणी चित्राच्या आकाराची. १९५० च्या आधीचे चित्रपट जवळपास चौकोनी आहेत, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजच्या पडद्याचं प्रमाण १६:९, म्हणजे १.७८. हा फरक बुजवायला काही लोक चित्र ताणतात, मग ‘संत तुकाराम’मधली सगळी माणसं आडवी सुजल्यासारखी दिसतात. काही जण वरून-खालून चित्र कापतात, ते तर त्याहून वाईट, कारण डोक्यावरची पगडी आणि पायाखालची जमीन दोन्ही जातात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून मूळ आकारातच दाखवा. ‘पडदा पूर्ण का भरत नाही?’ असं कुणीतरी विचारेल, त्याला प्रास्ताविकातच उत्तर देऊन टाका.

शेवटी, संपूर्ण चित्रपट एकदा आरंभापासून अखेरपर्यंत कुणीतरी बघितलाच पाहिजे. पुढे पळवत पळवत बघणं हे बघणं नव्हे. शेवटच्या दहा मिनिटांत आवाज आणि ओठ यांची फारकत झाली आहे, हे पळवताना कळत नाही.

हक्क: ‘फुकट दाखवतोय ना!’ हे उत्तर नाही

तिकीट लावलं नाही म्हणजे परवानगी नको, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. घरी आणलेली डीव्हीडी किंवा घेतलेलं ओटीटीचं वर्गणीपत्र घरगुती वापरासाठी असतं. पन्नास शेजाऱ्यांना बोलावून दाखवणं म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन, आणि त्याची परवानगी हक्कधारकाकडून वेगळी घ्यावी लागते. शिक्षणसंस्थेला कायद्यात सवलत आहे, पण प्रेक्षक तिथलेच विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि पालक एवढ्यांपुरते मर्यादित असतील तरच. शाळेचा हॉल भाड्याने घेतल्याने ही सवलत तुम्हाला लागू होत नाही.

मुदतीचा हिशोब असा: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क तो प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. प्रदर्शनाच्या वर्षात ६० मिळवा आणि त्या वर्षाचा ३१ डिसेंबर धरा. ‘सिंहासन’ १९७९ चा, म्हणजे २०३९ अखेरपर्यंत परवानगी लागणार. ‘संत तुकाराम’ १९३६ चा, त्याचा हक्क केव्हाच संपला.

पण चित्रपटाचा हक्क संपला म्हणजे त्यातल्या सगळ्याच गोष्टींचा संपला असं होत नाही. ‘श्यामची आई’ १९५३ चा आहे, म्हणजे चित्रपट म्हणून त्याचा हक्क २०१३ मध्ये संपला. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरता मूळ पुस्तक २०१० अखेर मुक्त झालं. दिग्दर्शक आचार्य अत्रे मात्र १९६९ मध्ये गेले, त्यांच्या लेखनाचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालतो. नव्याने केलेल्या सबटायटल्सचा हक्कही वेगळा असू शकतो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेर चित्रपट वापरला गेला तर त्यातल्या गीतकार-संगीतकारांचा मोबदल्याचा हक्क शाबूत राहतो. म्हणून शंका असेल तिथे लिहून विचारा. परदेशी चित्रपटांचं गणित आणखी किचकट आहे. सुरुवातीला ते परदेशी सांस्कृतिक केंद्रांमार्फतच घ्यावेत, ही केंद्रं प्रदर्शनाच्या हक्कासकट चित्रपट देऊ शकतात.

हक्कधारकाला लिहायचं पत्र एका पानात संपवा. चित्रपटाचं नाव आणि वर्ष, तारीख, जागा, जास्तीत जास्त प्रेक्षक, तिकीट किंवा देणगी आहे की नाही, एकच खेळ आहे, चित्रीकरण आणि प्रक्षेपण होणार नाही, प्रत त्यांच्याकडून मिळेल का, आणि शुल्क किती. ‘आम्ही कलेची सेवा करतो’ हे वाक्य गाळा. समोरच्या माणसाला आकडे हवे असतात. छोट्या मंडळाला कंपन्या कधी नाममात्र शुल्कात होकार देतात, कधी एका खेळाला परवडणार नाही एवढी रक्कम सांगतात. पुनःप्रदर्शनाची लाट आल्यापासून दुसरा अनुभव वाढला आहे. २०१८ च्या ‘तुंबाड’ने २०२४ मध्ये पुन्हा लागल्यावर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला, तेव्हा जुन्या मालाची किंमत सगळ्यांनाच कळली. होकार आला तर तो ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचा ‘हो हो, लावा’ पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही.

सेन्सॉरचा मुद्दा थोडक्यात: प्रमाणपत्र असलेलाच चित्रपट दाखवा, आणि ‘ए’ असेल तर दारातच १८ खालच्यांना थांबवा, मग आई-वडील सोबत असोत वा नसोत.

जागा

गच्चीचा मोह टाळा. जून ते सप्टेंबर पाऊस, मार्चनंतर उकाडा, आणि उरलेल्या महिन्यांत समोरच्या इमारतीतला ट्यूबलाइटचा उजेड थेट पडद्यावर. वर लाउडस्पीकरचे नियम आहेत. रात्री १० नंतर उघड्यावर लावता येत नाही, त्याआधीही पोलीस ठाण्याची परवानगी हवी, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. गणेशोत्सवात गल्लीत पडदा टांगून दोन्ही बाजूंनी लोक सिनेमा बघायचे, मागे बसलेल्यांना श्रेयनामावली उलटी दिसायची, ते दिवस छान होते. पण पडद्यावरच्या काळ्या रंगाला काळोख लागतो. कृष्णधवल सिनेमात तर त्यावरच सगळं उभं असतं.

बंद हॉल शोधा. वाचनालयं आणि जुन्या सांस्कृतिक संस्थांकडे ६० ते १०० माणसांचे हॉल असतात आणि सिनेमासाठी विचारलं तर त्यांना बरं वाटतं. लोकांना मोकळं आवाहन करून खेळ लावणार असाल तर जागेला चित्रपट दाखवण्याचा परवाना आहे का हे व्यवस्थापकाला विचारा, नसेल तर पोलीस ठाण्यात काय लागतं ते आधी समजून घ्या. सोसायटीचा हॉल असेल तर कार्यकारिणीचं लेखी पत्र घ्याच.

हॉल भर दुपारी बघायला जा. खिडक्यांतून किती उजेड येतो ते तेव्हाच कळतं. स्टेशनपासून चालत किती वेळ, जिने किती, लिफ्ट चालू असते का, स्वच्छतागृह कुठे, हेही पाहा. जुन्या सिनेमाला येणाऱ्यांत साठीपुढचे बरेच असतात. तीन मजले चढावे लागले तर ते पुढच्या महिन्यात येणार नाहीत, आणि तसं सांगणारही नाहीत.

पडदा, प्रकाश, आवाज

८ फूट रुंदीचं चित्र पन्नास-साठ माणसांना पुरतं. शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या सहा पटींपेक्षा लांब नको. १६:९ चं ८ फुटी चित्र साडेचार फूट उंच असतं, म्हणजे शेवटची खुर्ची २७ फुटांच्या आत. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर ठेवा, नाहीतर दुसऱ्या रांगेपासून सगळे डोकी बघत बसतात.

पूर्ण काळोखात ३,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर पुरतो. उजेड झिरपत असेल तर ४,००० ते ५,००० चा घ्या. भाड्याने घेताना ‘थ्रो रेशो’ विचारा. तो १.५ असेल तर चौकटीच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, ८ फुटांसाठी १२ फूट. चौकोनी जुन्या चित्रपटात इथे गोंधळ होतो. ८ फूट रुंद आणि ६ फूट उंच चित्र हवं असेल तर १६:९ प्रोजेक्टरची पूर्ण चौकट, काळ्या पट्ट्या धरून, १०.७ फूट होते, आणि अंतर १६ फूट लागतं. प्रोजेक्टर कुठे ठेवायचा हे मोजपट्टी घेऊन आदल्या दिवशी ठरवा.

चादर नको. पंख्याने ती हलते आणि नायिकेच्या चेहऱ्यावर लाटा उठतात. स्टँडवरचा ताणलेला पडदा किंवा चकाकी नसलेल्या पांढऱ्या रंगाची भिंत उत्तम.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आवाजाकडे. जुने चित्रपट एकाच वाहिनीवर ध्वनिमुद्रित झालेले आहेत. त्यात बास वाढवून काही भव्य होत नाही, फक्त संवाद गढूळ होतात. स्पीकर पडद्याच्या शक्य तितके जवळ ठेवा, म्हणजे आवाज माणसाच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. बास कमी करा, आवाजाच्या मधल्या पट्ट्या (मिड) किंचित वर घ्या, आणि चाचणी पंखे लावून करा. मुंबईत पंख्याशिवाय माणसं बसत नाहीत, आणि आठ पंख्यांची घरघर हळू आवाजातला संवाद गिळून टाकते. मागच्या रांगेत बसून संवाद ऐकू आला तरच पुढे जा.

बाकीचं पटापट. एचडीएमआय केबल १० मीटरपेक्षा लांब असेल तर साधी चालेलच असं नाही, ॲक्टिव्ह घ्या, लॅमिंग्टन रोडवर मिळते. प्रत लॅपटॉपवर हवी, इंटरनेटवरून चालवू नका. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर, दुसऱ्या माणसाच्या खिशात. लॅपटॉपची झोप, सूचना आणि अपडेट बंद. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर खेळ संपल्यावर लगेच प्लग खेचू नका, पंखा थांबू द्या. पुढे कधी थिएटर भाड्याने घेतलंत तर तिथे पेनड्राइव्ह चालेल असं गृहीत धरू नका. डीसीपी, म्हणजे थिएटरसाठी बनवलेली डिजिटल प्रत लागते, ती थिएटरच्या सर्व्हरवर चढवायला वेळ जातो, कुलूपबंद असेल तर त्या थिएटरसाठी बनवलेली डिजिटल किल्लीही लागते.

वार आणि वेळ

‘दर महिन्याचा दुसरा शनिवार’ असा ठरलेला वार ठेवा आणि पंधरा माणसं आली तरी तो मोडू नका. रविवार दुपार टाळा, मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो आणि डोंबिवलीहून येणारा माणूस कुर्ल्यातच अडकतो. शनिवारी साडेपाचला सुरू केलं तर अडीच तासांचा चित्रपट, मध्यंतर आणि चर्चा धरून नऊला सगळे मोकळे होतात आणि घरी जाऊन जेवतात. गणपती, नवरात्र, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि भारताचा महत्त्वाचा सामना, एवढं कॅलेंडर बघून घ्या.

काय लावावं

मुंबईत पहिला खेळ ‘सिंहासन’चा करावा, असं माझं मत. अरुण साधूंच्या कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि हे शहर स्वतः. प्रत्येकाला त्यावर बोलायला काहीतरी असतं. दुसरा एकदम वेगळा, ‘संत तुकाराम’. भक्तिपट म्हणून नाक मुरडणारे तरुण त्यातला साधेपणा बघून गप्प होतात. परदेशी चित्रपट चौथ्या-पाचव्या महिन्यात, आणि सबटायटल्स मोठ्या अक्षरांत असतील तरच. मराठी चित्रपटाला इंग्रजी सबटायटल्स मिळाले तर जरूर लावा, शेजारचे गुजराती आणि तमीळ कुटुंबही येतं.

कल्ट सिनेमाचा खेळ ही वेगळी जात आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) बघायला येणाऱ्याला तो पाठ असतो. तो बघायला नाही, इतरांबरोबर बोलायला येतो. अशा दिवशी ‘शांतता राखा’ची पाटी काढा, आवाज थोडा चढा ठेवा, कारण प्रेक्षक पडद्याच्या आधी संवाद म्हणणार आहेत, आणि आधीचं प्रास्ताविक रद्द करा. पण हीच मुभा पुढच्या महिन्यात ‘सामना’ला दिली तर वाट लागेल. म्हणून कुठला खेळ कुठल्या प्रकारचा, हे निमंत्रणातच लिहा.

पोस्टर स्वतः काढा, मूळ पोस्टरचेही हक्क असतात. व्हॉट्सॲपइतकाच उपयोग नाक्यावरच्या फळ्याचा आणि वाचनालयाच्या सूचनाफलकाचा होतो.

खेळाचा दिवस

प्रास्ताविक पाच मिनिटांचं, आणि त्यात कथा सांगायची नाही. प्रत कुठून आली, चित्र चौकोनी का आहे, मध्यंतर कधी, एवढं पुरे. परदेशी चित्रपटात मध्यंतराची पाटी नसते, ती जागा तुम्ही आधी बघून ठेवा, नाहीतर वाक्याच्या मध्ये चहा येतो.

चर्चा ‘कसा वाटला?’ने सुरू करू नका, ‘छान’ यापुढे काही येत नाही. एखादं दृश्य घ्या: हा माणूस इथे खिडकीकडे का वळला? मग बोलणं सुटतं. ज्यांनी तो चित्रपट पहिल्यांदा प्लाझात किंवा भारतमातामध्ये पाहिला होता त्यांना आवर्जून बोलतं करा, पण वेळेचं भान ठेवून. एखादे काका अर्धा तास घेतात, तेव्हा सूत्रधाराने हसत हसत माइक काढून घ्यायला शिकलं पाहिजे. हे जमणारा माणूस प्रोजेक्टर चालवणाऱ्याइतकाच मोलाचा.

पैशांचं: वार्षिक वर्गणी ठेवा, हॉल आणि प्रोजेक्टरचं वर्षाचं भाडं आणि अंदाजे हक्कशुल्क एकत्र करून सभासदसंख्येने भागा. बटाटेवडा-चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत. वर्षभर खेळ टिकले तर संस्था नोंदवण्याचा विचार करा. किमान सात जण लागतात, अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. त्यानंतर फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाचं सभासदत्व मागता येतं. हा महासंघ १९५९ चा, सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष. पहिल्याच महिन्यात घटना आणि पदाधिकारी यांच्यात अडकलेली मंडळं सिनेमा दाखवायचंच विसरतात.

एक वही ठेवा. प्रत्येक खेळानंतर त्याच रात्री लिहायचं: प्रत कुणाची, लांबी किती मिनिटं, परवानगी कुणी दिली आणि कुठल्या ईमेलने, प्रोजेक्टर कुठल्या अंतरावर होता, आवाजाच्या पट्ट्या कुठे ठेवल्या, माणसं किती आली, आणि कुठल्या जागी लोक चुळबुळले. दोन महिन्यांनंतरच्या चित्रपटाचं पत्र त्याच आठवड्यात पाठवून द्या.